केळणेच्या उतारावर डबा ठेवण्याआधी

जालन्याच्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "असईच्या लढाईत वेलस्लीची फौज जिथून केळणा नदी उतरली, त्या भागात आम्हा तिघा मित्रांना जिओकॅश लावायचाय. पुलाच्या खालच्या अंगाला चुंबकाची डबी चिकटवावी, की काठावर खड्डा करून स्टीलचा डबा पुरावा? आधीची एक डबी पावसाळ्यात वाहून गेली, दुसरी आठवड्याच्या आत कुणीतरी उचलली. टिकेल अशी जागा सांगा."

आधी सरळ उत्तर. पूल नको आणि खड्डाही नको. जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या आकड्यांवरून लपवलेला डबा शोधण्याचा खेळ, आणि जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन उकरून डबा पुरायला त्याच्या नियमांतच मनाई आहे. मोठ्या रस्त्याचे पूल, धरणं, रेल्वेचे रूळ यांच्याजवळ डबी लावू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पुलाखाली चिकटवलेली अनोळखी डबी दिसली तर मीसुद्धा पोलिसांना फोन करीन. शिवाय पुलाखाली आग्यामोहोळ असतं, ते वेगळंच. तेव्हा रिव्ह्यूअर, म्हणजे नवा डबा तपासून मंजूर करणारा, दोन्ही बेत परत पाठवणार. पण एवढं सांगून थांबलो तर तुम्ही तिसरी जागा शोधाल आणि तीही जाईल. दोन्ही वेळा तुम्ही नदीकडे बघून जागा ठरवलीत. दोन्ही थडीच्या माणसांकडे बघितलं नाहीत. अडलंय ते तिथे.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. लोक शोधत गेले, आतल्या वहीत नाव लिहून आले. खेळ तेव्हापासून तोच आहे. डबा, वही, आकडे आणि शोधणारा.

माझं म्हणाल तर सगळी नोकरी जमीनमोजणीत गेली. साखळी आणि प्लेन टेबलवर शिकलो, रोव्हर, म्हणजे जीपीएसवर चालणारं मोजणीयंत्र, हातात आल्यावर निवृत्त झालो. मराठवाड्यात सात डबे लावले, त्यातले चार अजून आहेत. खाली जे लिहितोय ते बरंचसं गेलेल्या तिघांच्या जिवावर.

तुम्ही जागा मात्र झकास निवडलीत, कारण असईची गोष्टच मुळात जागा शोधण्याची आहे. २३ सप्टेंबर १८०३. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची छावणी भोकरदनपासून असईकडे केळणेच्या काठाने पसरलेली. शंभराच्या आसपास तोफा, आणि पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याने तयार केलेली कवायती पायदळं. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा, दक्षिणेकडून आला. त्याला नदी उतरून डाव्या बगलेवर जायचं होतं आणि वाटाडे सांगत होते की पुढे उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं तर नदीच्या या अंगाला एक गाव आणि बरोबर समोर पल्याड दुसरं. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वरूर अशी आहेत. त्याने हिशेब केला: दोन गावं अशी समोरासमोर वसलीत, म्हणजे त्यांच्यात जाणं-येणं असणार, आणि जाणं-येणं असेल तर नदीला उतारही असणार. माणूस पाठवून खात्री केली, उतार निघाला, आणि फौज पलीकडे गेली. पुढे युद्धातली आपली सर्वांत चांगली कामगिरी कोणती असं विचारल्यावर त्याने वॉटर्लूचं नाव न घेता असईचं घेतलं असं सांगतात.

पाणी किती खोल आहे हे त्याने पाण्यावरून ओळखलं नाही, घरांवरून ओळखलं. तुम्हाला नेमकं हेच करायचंय. बांधावर तासभर नुसतं बसा. बरोबर मोबाइल, कॅमेरा काही नको, शेंगा घेऊन बसा. कोण कुठून उतरतं, गुरं कुठे पाण्यावर येतात, बायका धुणं घेऊन कोणत्या दगडावर बसतात, मोटार चालू करायला कोण किती वाजता येतं, सगळं दिसेल. दहाव्याचे विधी काठावर कुठे होतात तेही विचारून ठेवा आणि त्या जागेच्या आसपास फिरकूही नका. उन्हाळ्यात वाळूचे ट्रॅक्टर कुठून चढतात ते आधी बघा. नदीकाठी कुणी मोबाइल समोर धरून चार पावलं पुढे, दोन मागे करायला लागलं की वाळूवाल्यांना वाटतं तलाठ्याचा माणूस, आणि तलाठ्याच्या माणसाला वाटतं वाळूवाला. तुमचा शोधक बिचारा पुण्याहून किंवा परदेशातून आलेला असणार. त्याला यातलं काही ठाऊक नसतं.

खेळात नसलेल्यांना जिओकॅशिंगवाले मगल म्हणतात, आणि मगलांपासून डबा लपवा असा उपदेश सगळीकडे वाचायला मिळतो. तो ओरेगॉनच्या जंगलात चालत असेल. आपल्याकडे नदीकाठी मगलांशिवाय आहे कोण! इथे लपवलेली वस्तू म्हणजे गुप्तधन, करणी किंवा बाँब. चौथा अर्थ कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि त्यात लोकांची चूकही नाही.

याचा मला चांगलाच धडा मिळाला. बरीच वर्षं झाली. परभणी जिल्ह्यात दुधना नदीच्या काठी, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर लिंबाच्या ढोलीत डबा ठेवला होता. वही भिजू नये म्हणून घरातलं जुनं कापड गुंडाळलं. व्यापाऱ्यांच्या चोपड्या असतात तसं लाल. मला वाटलं, वा, वही बासनात! आत शोधणाऱ्यांना अदलाबदलीसाठी चार जुनी नाणी, काचेच्या गोट्या आणि आमच्या नातीची एक छोटी बाहुली. कापूस वेचणीच्या दिवसांत बायकांना ते दिसलं. लाल कापड, नाणी, बाहुली, आणि वरून दोन दिवसांपूर्वी अमावस्या झालेली. तीन दिवस त्या बांधावर कुणी पाय ठेवला नाही. वेचणी थांबली, आणि वेचणीच्या ऐन हंगामात तीन दिवस म्हणजे काय ते शेतकऱ्याला विचारा. शेवटी पोलीस पाटलांचा फोन आला. गेलो. पन्नासेक माणसं लांब उभी. मी ढोलीत हात घालून डबा काढला, कापड सोडलं, बाहुली बाजूला ठेवली आणि वहीतली नावं मोठ्याने वाचून दाखवली. एक म्हातारी पुढे आली, वही हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "मास्तर, येवढं शिकून असले धंदे करायलाव?" मी मास्तर नाही, पण तो दिवस दुरुस्त्या करायचा नव्हता. शेतकऱ्याने मला चहा पाजला, मात्र महिनाभर नीट बोलला नाही.

तेव्हा लाल कापड, नाणी, बाहुल्या, दोरे, लिंबाच्या रंगाचं काहीही डब्यात नको. डबा पारदर्शक हवा. आतली वही बाहेरून दिसली की निम्म्या शंका तिथेच मिटतात. झाकणावर मराठीत ठळक लिहा: हा खेळाचा डबा आहे, आत वही आहे, उघडून बघा आणि परत ठेवा. खाली जमीनमालकाच्या परवानगीने ठेवलाय एवढी ओळ. ती ओळ खरी असली पाहिजे हे वेगळं सांगायला नको. आणि हे आपल्याकडे नुसत्या गैरसमजापुरतं राहत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे. तुमचा त्याच्याशी संबंध नाही, पण रात्री टॉर्च घेऊन झाडाच्या बुंध्याशी चाचपडणाऱ्या तीन पोरांना तो खुलासा अंधारात करावा लागेल. डब्याच्या इंटरनेटवरच्या पानावर स्पष्ट लिहा: फक्त दिवसा या.

आता परवानगीचं. सरपंचांना भेटा, पोलीस पाटलांना भेटा, आणि ज्याच्या गटात डबा बसणार त्या मालकाला आधी भेटा. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर चौघांना. एक भाऊ हो म्हणाला म्हणून डबा ठेवाल, आणि वाटणीचा वाद असेल तर दुसरा तो मुद्दाम फेकून देईल. मोजणीच्या नोकरीत मी हद्दीचे दगडसुद्धा रातोरात चालत गेलेले पाहिलेत, डब्याचं काय घेऊन बसलात. मालकाला डबा उघडून दाखवा, वहीतलं पहिलं नाव त्याचंच लिहून घ्या. माझे जे चार डबे टिकलेत त्या चारही वह्यांत पहिली सही जमीनमालकाची किंवा त्याच्या पोराची आहे.

चहाच्या टपरीत डबा ठेवायचा मोह होईल, मलाही झाला होता. पण शोधणाऱ्याला दुकानात शिरावं लागेल, दुकानदाराशी बोलावं लागेल किंवा काही विकत घ्यावं लागेल अशी मांडणी जाहिरात धरली जाते आणि अडकते. शाळेचं आवार नको. देवळाच्या आवारात विश्वस्तांच्या परवानगीशिवाय नको. गावात सार्वजनिक वाचनालय असेल आणि ते रोज उघडत असेल तर त्यासारखी जागा नाही. रोज उघडतं का, हे मात्र स्वतः चार दिवस जाऊन बघा.

पाण्याचं काय? इथे मला ठाम आकडा देता येणार नाही, कारण तो तुमच्या काठावर अवलंबून आहे. सरकारी नकाशांत निळी पूररेषा असते, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. लहान नद्यांना प्रत्येक ठिकाणी त्या आखलेल्या असतीलच असं नाही. पण पूर स्वतःची रेषा झाडावर लिहून जातो. काठच्या बाभळींकडे बघा. फांद्यांत अडकलेल्या चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या, कडब्याच्या काड्या, सगळ्या एका उंचीवर आणि एकाच दिशेला लोंबत असतात. तिथवर पाणी आलं होतं. त्याच्या वर निदान एक पुरुषभर उंची सोडा. मग गावातल्या जाणत्या माणसाला विचारा, "पाणी कुठवर आलं होतं?" तो मीटर सांगणार नाही, "मारुतीच्या दुसऱ्या पायरीला लागलं होतं" असं सांगेल. ती पायरी मोजून घ्या. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांनी काय केलं ते तुम्हीही पाहिलंय, तेव्हा आठवण ताजी आहे. काठाची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या मोठ्या लोंढ्यात दरडीच्या दरडी बसतात, म्हणून दरडीच्या कडेची जागा उंच असली तरी बिनकामाची.

यावरून माझी सूचना अशी: गोष्ट नदीवर ठेवा, डबा गावाकडे न्या. खेळात याला मल्टी म्हणतात. पहिला टप्पा अल्याडच्या सार्वजनिक रस्त्यावर, जिथून दोन्ही गावं एका नजरेत येतात. तिथे काही ठेवायचं नाही, फक्त समोर दिसणाऱ्या पक्क्या गोष्टीवरून एक आकडा काढायला लावायचा. नळकांडी पुलाचे पाइप मोजायला सांगू नका, पूल पुन्हा बांधला की तुमचं गणित वाहून गेलं. विहिरीवर किंवा पारावर कोरलेलं साल बरं. दुसरा टप्पा पल्याड, तसाच. दोन आकड्यांवरून शेवटच्या डब्याचे अक्षांश-रेखांश निघतात आणि तो डबा पूररेषेच्या वर, परवानगीच्या बांधावर. शोधणारा स्वतः पुलावरून पलीकडे जातो, वेलस्लीचा हिशेब त्याच जागी उभा राहून करतो, आणि पाण्यात उतरायची वेळ येत नाही. पाण्यात उतरायला लावणारा टप्पा तर अजिबात नको, गुडघाभर पाण्यात माणूस वाहून गेलेला आपण सगळ्यांनी ऐकलाय. दोन वेगवेगळ्या कॅशच्या प्रत्यक्ष ठेवलेल्या वस्तूंमध्ये १६१ मीटर अंतर लागतं, पण नुसत्या बघायच्या टप्प्यांना ती अट नाही. दुसऱ्या कुणाचा डबा तुमच्या आड येईल ही भीती जालना जिल्ह्यात तरी बाळगू नका.

उताराजवळ खडक उघडा पडलेला असेल तर डबाच नको असाही मार्ग आहे. अर्थकॅश हा प्रकार २००४ पासून चालतो. त्यात भूगर्भाविषयी प्रश्न विचारायचे आणि उत्तरं बघून लिहायची. काळ्या बेसॉल्टची पायरी, त्यावरून पसरणारं उथळ पाणी, खालच्या अंगाचा डोह, एवढ्यावर तीन चांगले प्रश्न निघतात. नुसती माती आणि गाळ असेल तर हा विचार सोडा.

आता माझ्या धंद्याचं. आकडे एकदाच टिपून घरी येऊ नका. उघड्या आभाळाखाली मोबाइलचा जीपीएस तीन ते पाच मीटरवर येतो, दाट चिंचेखाली त्याहून भटकतो. मोबाइल जागेवर ठेवून पाच मिनिटं थांबा, आकडा लिहा. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा. तीन-चार नोंदींची सरासरी घ्या. खेळात अंश आणि दशांश मिनिटं वापरतात. असईचा परिसर साधारण २० अंश १४ मिनिटं उत्तर, ७५ अंश ५३ मिनिटं पूर्व. मिनिटांच्या तिसऱ्या दशांशस्थळी एक आकडा चुकला तर उत्तर-दक्षिण १.८५ मीटर आणि आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम पावणेदोन मीटरच्या आसपास फरक पडतो, तो चालतो. दुसऱ्या स्थळी चुकलात तर शोधणारा शेजारच्या तुरीत. जुन्या टोपोशीटवरून आकडे उचलू नका. ते एव्हरेस्टच्या मापावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या हिशेबावर, बेतलेले आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या हिशेबावर, एकाचे आकडे दुसऱ्यात घातले की जागा सरकते. विषय निघालाच आहे तर, हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा लॅम्टन वेलस्लीच्याच ३३ व्या पलटणीतला. असईच्या आदल्या वर्षी, १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याने पहिली पायारेषा मोजली, आणि मोजत मोजत उत्तरेला येत १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. मला लढाईपेक्षा हा माणूस जास्त जवळचा वाटतो, पण तो माझा दोष.

पानावरचा मजकूर लिहिताना हात आखडता घ्या. राजकीय, धार्मिक किंवा कसलाही प्रचार असलेला मजकूर मंजूर होत नाही. आणि असईवर जयजयकार कुणाचा करणार? वेलस्लीकडे मद्रासचे शिपाई आणि म्हैसूरचे स्वार, शिंद्यांच्या पलटणींवर हॅनोव्हरचा अधिकारी. इंग्रजांच्या बाजूचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४, आणि शिंदे-भोसल्यांच्या ९८ तोफा गेल्या. गोष्ट सरळ सांगा. "याच दगडावरून फौज उतरली" असं लिहू नका. दोनशे वर्षांत पात्र सरकतं, बंधारे येतात, वाळू जाते. "या दोन गावांच्या मधे कुठेतरी" म्हणा, त्यातच मजा आहे. आणि शेतात जुना लोखंडी गोळा किंवा तुकडा दिसला तर उचलू नका, मेटल डिटेक्टर तर नेऊच नका, शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागतो. हे शोधणाऱ्यांसाठी पानावरही लिहा.

डब्याचं थोडक्यात उरकतो. चार बाजूंनी खटके असलेला, रबरी कड असलेला स्वयंपाकघरातला डबा बरा. स्टील नको, गंजतो आणि विकलाही जातो. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हातलं प्लास्टिक तडकतं, तेव्हा सावलीची बाजू. वही झिपच्या पिशवीत, सोबत पेन्सिल. बॉलपेनची शाई उन्हाने सुकते आणि दमट हवेत पसरते. खाऊ, उदबत्ती, वासाचं काही नको, उंदीर आणि मुंग्या डबा पोखरतील. दगडांच्या कपारीत मुळीच ठेवू नका. घोणस तुमचा डबा बघून जागा सोडणार नाही, आणि शोधणारा हात आधी घालतो, डोकावतो नंतर.

शेवटचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, म्हणून मी विचारतो. तुम्ही तिघं दोन वर्षांनी पुण्याला नोकरीला गेल्यावर डबा कोण बघणार? तक्रार आल्यावर साधारण महिन्याभरात जाऊन दुरुस्त करावा लागतो, नाहीतर पान बंद होतं. गावातला एखादा नववी-दहावीचा मुलगा किंवा मुलगी आतापासून सोबत घ्या. पहिले आकडे त्याच्याच हाताने घ्यायला लावा. आणि जागा नक्की करायला एकदा २३ सप्टेंबरच्या सुमारास जा. एप्रिलमध्ये केळणेत उतार कुठेही दिसेल, कारण पाणीच नसतं. सप्टेंबरात दिसतो तो खरा. जाऊन आलात की पाणी कुठवर होतं आणि बाभळीवर चिंध्या किती उंचीवर होत्या ते इथे लिहा, डब्याची उंची तेव्हा ठरवू.